फर्म निवडताना टक्क्यांआधी हे विचार

परवा तू विचारलंस, घरं विकणाऱ्या एजंटांची एक फर्म ब्रोकरेजचा, म्हणजे दलालीचा, साठ टक्के वाटा देतेय, दुसरी चाळीस, कुठे जाऊ? मी असतो तर आधी विचारलं असतं, पैसे हातात कधी पडतात? नव्या प्रोजेक्टमध्ये बिल्डर बुकिंगला ब्रोकरेज देत नाही. करारनाम्याची नोंदणी व्हावी लागते, ग्राहकाचे ठरलेले हप्ते यावे लागतात, मग फर्मचं बिल निघतं. यात महिने जातात. तोवर पेट्रोल कोण घालणार?

माझ्या पहिल्या फर्ममध्ये सगळं तोंडी होतं. वाकडच्या एका फ्लॅटसाठी मी कुटुंबाला चार वेळा साइट दाखवली. बुकिंगच्या दिवशी कळलं, टॅगिंग, म्हणजे ग्राहक कोणी आणला याची नोंद, दुसऱ्याच्या नावावर. कागद नव्हता, त्यामुळे बोलताही आलं नाही. म्हणून वाटा, टीडीएस आणि फर्म सोडल्यावर अडकलेल्या ब्रोकरेजचं काय, हे लिहून घे.

महारेरा, म्हणजे राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण, त्याची नोंदणी तर हवीच. फर्मची आहे म्हणून तुझी झाली असं धरू नकोस. 2023 मध्ये महारेरानं एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. नोंदणीशिवाय व्यवहार केलास तर रोज 10,000 रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. 'नंतर बघू' म्हणणाऱ्या मालकाकडे थांबूच नकोस.

आणि पोरा, पहिल्या वर्षी शिकवणारा माणूस बघ. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, कसा वाचायचा, सोसायटीची एनओसी कुठे अडते, हे शेजारी बसवून दाखवणारा सीनियर असेल तर मी चाळीस टक्के घेईन. होकार देण्याआधी तिथल्याच एखाद्या ज्युनियरला चहाला ने आणि त्याचं शेवटचं ब्रोकरेज कधी जमा झालं ते विचार.