दोनच टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपसाठी हब पुरेल की डॉकिंग स्टेशनच घ्यावे?

आपण विचारले आहे की, नव्या विंडोज लॅपटॉपला दोनच टाइप-सी पोर्ट आहेत, त्यातला एक चार्जरने अडतो, आणि घरी फोर-के मॉनिटर, लॅनची केबल, बॅकअपची हार्ड डिस्क, वायरलेस माउस व डिजिटल सहीचे पेनड्राइव्हसारखे टोकन एवढे सगळे जोडायचे आहे. तर दोन-अडीच हजारांचा हब (एका पोर्टाची अनेक तोंडे करणारी छोटी डबी) पुरेल, की वीस हजारांच्या पुढचे डॉकिंग स्टेशन (स्वतःच्या वीजपुरवठ्यावर चालणारा मोठा हब, म्हणजेच डॉक) घ्यावे लागेल? मी नाशिकमध्ये एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात संगणकांची व्यवस्था पाहतो. तेथे सहकाऱ्यांसाठी हीच निवड मला बरेचदा करावी लागली आहे आणि त्यात दोनदा चूकही झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एकच मॉनिटर असेल तर आपल्याला डॉकिंग स्टेशनची गरज नाही, चांगला हब पुरेल. मात्र हबला किती तोंडे आहेत हे पाहून तो घेऊ नका. एका नळाला आठ तोट्या बसवल्या म्हणून पाणी आठपट येत नाही, तसेच हबचेही असते. लॅपटॉपच्या ज्या एका पोर्टात तो बसणार, त्या पोर्टातून जेवढे वाहते तेवढेच हबच्या सर्व तोंडांना मिळून वाटले जाते. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानापासून नव्हे, तर आपल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकापासून करावी. टाइप-सी हे केवळ खाचेच्या आकाराचे नाव आहे. तोच आकार असलेला एखादा पोर्ट फक्त माहितीची ने-आण करतो, दुसरा चार्जिंगही घेतो, तिसरा मॉनिटरला चित्रही देतो, आणि थंडरबोल्ट (त्याच आकाराचा अधिक वेगवान प्रकार) असेल तर हे सगळे सेकंदाला 40 गिगाबिट किंवा त्याहून अधिक वेगाने करतो. पोर्टशेजारी विजेचे बाणासारखे चिन्ह असल्यास तो बहुधा थंडरबोल्ट असतो. काही कंपन्या चित्र देणाऱ्या पोर्टाजवळ डिस्प्लेपोर्टचे, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या पद्धतीचे, डी अक्षरासारखे चिन्ह छापतात. चिन्ह नसेल तर माहितीपत्रकात त्या पोर्टासमोर 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द आहे का आणि त्यापुढे आवृत्ती 1.2 लिहिली आहे की 1.4, हे शोधावे. हा शब्द नसेल आणि पोर्ट थंडरबोल्टचाही नसेल, तर साध्या हबच्या एचडीएमआय तोंडातून चित्र येणार नाही, मग तो हब कितीही महाग असो.

आता फोर-के मॉनिटरकडे वळतो, कारण आमची पहिली चूक येथेच झाली. एका सहकाऱ्याला नवा 27 इंची फोर-के मॉनिटर दिला आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 'फोर-के' लिहिलेला हब दिला. आठवडाभरात त्यांची तक्रार आली की लॅपटॉप मंद झाला आहे. मी त्यांच्या खुर्चीत बसून माउस हलवला, तर बाण हाताच्या मागे ओढत येत होता आणि मोठी एक्सेल शीट खाली सरकवताना ओळी धक्के देत सरकत होत्या. लॅपटॉपमध्ये काहीच बिघाड नव्हता. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये पाहिल्यावर मॉनिटर 30 हर्ट्झवर चाललेला दिसला, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलण्याऐवजी तीसच वेळा बदलत होते. खोके पुन्हा पाहिले तेव्हा त्यावर बारीक अक्षरांत तसे छापलेलेही होते.

याचे कारण समजून घेतले की निवड सोपी होते. टाइप-सी जोडणी हा वेगवान माहितीसाठी चार पदरी रस्ता आहे असे समजा. बहुतेक हब त्यातले दोन पदर यूएसबीला देतात आणि दोन चित्राला. डिस्प्लेपोर्ट 1.2 च्या वेगाने दोन पदरांवरून फोर-के चित्र 30 हर्ट्झनेच जाऊ शकते, 1.4 चा वेग लॅपटॉप आणि हब या दोघांनाही जमत असेल, तर त्याच दोन पदरांवरून ते 60 हर्ट्झने जाते. काही हब चारही पदर चित्राला देऊन 60 हर्ट्झ साधतात, पण मग त्यांची यूएसबीची तोंडे 480 मेगाबिटच्या जुन्या वेगावर उतरतात. कीबोर्डला आणि टोकनला तेवढे भरपूर झाले, परंतु हार्ड डिस्कचा बॅकअप रेंगाळतो आणि गिगाबिट लॅनचा पूर्ण वेग मिळत नाही. त्यामुळे हबच्या वर्णनात 'फोर-के 60 हर्ट्झ' आणि यूएसबीचा 5 किंवा 10 गिगाबिटचा वेग, हे दोन्ही एकाच वेळी मिळतील असे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे. मॉनिटर साधा फुल एचडी असता तर यातला कोणताही मुद्दा आड आला नसता.

चार्जिंगबद्दलही दुकानात बराच गैरसमज आढळतो. हबवर '100 वॅट' लिहिलेले असते, त्याचा अर्थ तो तेवढी वीज पुढे जाऊ देऊ शकतो एवढाच. वीज येते ती आपल्या चार्जरमधूनच. शिवाय हब स्वतःसाठी आणि त्याला जोडलेल्या वस्तूंसाठी सहसा 10 ते 15 वॅट राखून ठेवतो. आपला चार्जर 65 वॅटचा असेल, तर लॅपटॉपपर्यंत पन्नासच्या आसपास वॅट पोहोचतील. लेखा आणि कार्यालयीन कामाला तेवढे पुरतात; व्हिडिओ संपादनासारखे जड काम असेल तर बॅटरी हळूहळू उतरू लागते, आणि तेव्हा 100 वॅटचा चार्जर व 5 अँपिअरची केबल घेणे योग्य ठरते.

दुसरी चूक अधिक महागात पडली, आणि आपण बॅकअपचा उल्लेख केला असल्यामुळे ती मुद्दाम सांगतो. आमच्याकडे एका लॅपटॉपचा चार्जर आणि बाहेरची हार्ड डिस्क दोन्ही एकाच हबला जोडलेली होती. दुपारी अशिलांच्या फायलींची नक्कल डिस्कवर होत असताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, म्हणून कोणाला काही वाटले नाही. पण चार्जरची वीज तुटताच हबने लॅपटॉपशी विजेची नव्याने बोलणी केली, त्या क्षणभरात त्याला जोडलेल्या सगळ्या वस्तू सुटून पुन्हा जोडल्या गेल्या, आणि डिस्कवर अर्धवट लिहिलेला फोल्डर नंतर उघडेना. मूळ फायली लॅपटॉपवर शाबूत होत्या म्हणून निभावले. अनेक हब चार्जर लावताना किंवा काढताना असेच वागतात. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की बॅकअपची डिस्क हबला न लावता थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात लावायची. आपल्याकडे दोन पोर्ट आहेत, तर एक हबला द्या आणि दुसरा डिस्कसाठी मोकळा ठेवा. चार्जर हबमधून गेल्यामुळे हे सहज जमेल.

डिजिटल सहीचे टोकन हबमधून व्यवस्थित चालते. फक्त विवरणपत्रावर सही होत असताना हबला दुसरी कोणतीही वस्तू लावू वा काढू नये. वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर मात्र हबवर हार्ड डिस्कच्या किंवा पेनड्राइव्हच्या अगदी शेजारी लावू नका. यूएसबी 3 च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि बहुतेक वायरलेस माउस त्याच पट्ट्यावर चालतात. इंटेलने 2012 मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. माउस अधूनमधून अडखळू लागला तर नवा माउस आणण्याआधी रिसीव्हर एखाद्या छोट्या एक्स्टेन्शन केबलने हबपासून हातभर दूर ठेवून पाहा.

मग डॉकिंग स्टेशन कोणी घ्यावे? दोन फोर-के मॉनिटर हवे असतील, पोर्ट थंडरबोल्टचा असेल, आणि रोज सकाळी एकच केबल लावून कामाला बसायचे असेल, त्यांनी जरूर घ्यावे. डॉकचा स्वतःचा वीजपुरवठा असतो, त्यामुळे वर सांगितलेली वाटपाची ओढाताण त्यात होत नाही. पुढेमागे मॅकबुक घेण्याचा विचार असेल तर एक खबरदारी घ्या: एका टाइप-सी पोर्टातून विंडोजवर दोन वेगळी चित्रे देणारे अनेक हब मॅकवर दोन्ही मॉनिटरना एकच चित्र देतात, आणि एम1 व एम2 मॅकबुक एअरला तर मुळातच एकाच बाहेरच्या मॉनिटरची सोय आहे. ही मर्यादा ओलांडण्यासाठी डिस्प्लेलिंक तंत्राचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदतीने यूएसबीवरून चित्र पाठवणारे, डॉक मिळतात. त्यांना वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते आणि संरक्षित चित्रपट त्या पडद्यावर सहसा दिसत नाहीत, पण कागदपत्रांच्या कामाला ते चालतात.

आपला फोर-के मॉनिटर अजून घ्यायचा असेल, तर आणखी एक मार्ग आहे, आणि मला स्वतःला तोच सर्वांत पटतो. टाइप-सी जोडणी असलेला, 65 किंवा 90 वॅट चार्जिंग देणारा मॉनिटर घ्यावा. त्यातल्या अनेकांना मागे यूएसबीची तोंडे असतात, काहींना लॅनचेही, त्यामुळे टेबलावर हब आणि चार्जर दोन्ही नकोत. हबसाठी ठेवलेले पैसे तिकडे वळवावेत.

हबच घेतलात, तर तो परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी मॉनिटर, लॅन, चार्जर आणि टोकन ही सगळी एकदम जोडून तासभर नेहमीचे काम करा, मॉनिटर 60 हर्ट्झवर आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा, आणि मध्येच एकदा चार्जरचे बटण बंद करून पडदा आणि लॅन तुटतात का तेही बघा. हब कोमट होणे नैसर्गिक आहे, पण हात ठेववणार नाही इतका तापला तर तो त्याच दिवशी परत करा.