वापरलेला टॉय हॉलर ट्रेलर घ्यावा का? घरच्या घरी दुरुस्ती आणि बदल कितपत जमतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात राहता, दारात फोर्डची एफ-१५० पिकअप आहे, दोन सीटांची साइड-बाय-साइड (वाळूत, कच्च्या रस्त्यांवर पळवायची छोटी चारचाकी) घेतली आहे, आणि आता आठ-दहा वर्षं जुना २५ फुटी टॉय हॉलर चांगल्या किमतीत मिळतोय. तो घ्यावा का, दुरुस्ती घरी जमेल का, आणि मागच्या गराजमध्ये मुलांची खोली करता येईल का?

दुरुस्ती जमेल. खोलीही बऱ्यापैकी होईल. पण घ्यावा का, याचं उत्तर ट्रेलर बघायला जायच्या आधी तुमच्या पिकअपचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडलात की मिळेल.

मी ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. असाच एक ट्रेलर बरीच वर्षं बाळगून आहे आणि त्याचं बहुतेक काम घरीच करतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढे नेहमीच्या ट्रॅव्हल ट्रेलरसारखं स्वयंपाकघर, बाथरूम, पलंग. मागे मोकळी जागा, आणि मागची अख्खी भिंत खाली पडून तिचाच रॅम्प होतो. बाईक, एटीव्ही जे काही असेल ते त्यावरून आत चढवायचं, पट्ट्यांनी जखडायचं, आणि ग्लॅमिसच्या वाळूत नाहीतर युटातल्या सँड हॉलोला जाऊन उतरवायचं. रात्री त्याच जागेत छताशी टांगलेले पलंग मोटरवर खाली येतात.

आता दरवाजाकडे या. त्याच्या चौकटीवर एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. जाहिरातीतला 'अकरा हजार पाउंड ओढते' हा आकडा खोटा नसतो, पण तिथवर पोचायच्या आत पेलोड संपतो, आणि एफ-१५० च्या वर्गातल्या, म्हणजे हाफ-टन पिकअपचं घोडं इथेच पेंड खातं. समजा तुमच्या स्टिकरवर १,६०० लिहिलंय. ट्रेलर भरून १०,००० पाउंडांचा झाला, तर त्याचा १० ते १५ टक्के भार हिचच्या (पिकअपला ट्रेलर जोडायच्या जोडाच्या) गोळ्यावर यायला हवा. १२ टक्के धरले तर १,२००. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (स्प्रिंग बारांनी भार पुढे-मागे वाटून देणारा जोड) स्वतःच १०० च्या आसपास. तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ५५०-६०० पाउंड. झाले १,९००. कूलर अजून मागच्या सीटवर ठेवलाही नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिचमुळे यातला थोडा भार ट्रेलरच्या ॲक्सलवर परत जातो हे खरं, पण तेवढ्याने ३०० पाउंडांची तूट भरून निघत नाही. एवढा ट्रेलर घ्यायचाच असेल तर एक वर्ग वरची, तीन-चतुर्थांश टनाची पिकअप लागेल, असं मी तरी म्हणेन. शिवाय ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर (कंपनीने ठरवलेलं जास्तीत जास्त भरलेलं वजन) १०,००० पाउंडांच्या वर असेल तर कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला साधं क्लास सी लायसन्स पुरत नाही, तेही आधी बघून घ्या.

मग ट्रेलरचा स्वतःचा हिशोब. आत दाराशी पिवळा स्टिकर असतो, त्यावर सामानाची मर्यादा लिहिलेली असते. रिकामा ६,८०० आणि जास्तीत जास्त १०,००० असला तर हाती राहिले ३,२००. ऐकायला भरपूर वाटतात. साइड-बाय-साइड साधारण १,५००. या ट्रेलरांना पाण्याची टाकी मोठी असते, १०० गॅलनपर्यंत. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे ८३४. साइड-बाय-साइडसाठीची तीस गॅलनची पेट्रोलची टाकी भरलीत तर १८० च्या आसपास. उरले सातशेच्या आत, आणि त्यात अंथरुणं, भांडी, खुर्च्या, हत्यारं, सुटं चाक, डाळ-तांदूळ, कुकर आणि तुमचे सगळे 'बदल'.

एकूण वजन मर्यादेत बसलं तरी ते कुठे बसलंय हा प्रश्न उरतोच, आणि साध्या ट्रेलरपेक्षा टॉय हॉलर इथेच वेगळा पडतो. कारखान्यातून तो मुद्दाम पुढे जड करून पाठवतात, कारण गिऱ्हाईक मागे भरणार हे त्यांना माहीत असतं. समजा वरचाच ६,८०० चा ट्रेलर, रिकामा असताना गोळ्यावर १,१०० पाउंड, म्हणजे १६ टक्के. आता साइड-बाय-साइड रॅम्पवरून चढवून दाराशीच उभी केलीत, तिचा मध्य ॲक्सलच्या मागे पाच फुटांवर, आणि गोळा ॲक्सलच्या पुढे सोळा फुटांवर. १,५०० गुणिले ५ भागिले १६: पुढचे जवळजवळ ४७० पाउंड उचलले गेले. राहिले ६३०. ट्रेलर मात्र ८,३०० चा झाला. साडेसात टक्के! बैलगाडी उलाळ झाली की बैलांचं काय होतं ते ज्यांनी गावी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. हायवेवर बाजूने ट्रक गेला की ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं, आणि एकदा ते वाढलं की नुसत्या स्टिअरिंगने आवरत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. गाडी जमेल तेवढी पुढे सरकवून बांधा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे की मागे ते खाली वाकून बघा. पुढे असेल तर भरून निघाल्याने फायदाच होतो, मागे असेल तर मुक्कामाजवळ भरा. हत्यारांची पेटी पुढच्या कप्प्यात. मग ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसती पिकअप तोला. ट्रेलरसकट तोलताना हिचचे स्प्रिंग बार सोडून ठेवा. पिकअपच्या दोन्ही ॲक्सलवर जो भार वाढला तोच गोळ्यावरचा भार. रिकामा, भरलेला, परतीचा (पाणी संपलेलं, सांडपाण्याच्या खालच्या टाक्या भरलेल्या): हा ट्रेलर तीन वेगवेगळ्या प्रकारे वागतो.

समजा आकडे जमले आणि बघायला गेलात. मालक तुम्हाला आधी टीव्ही, सोफा, मोटरचे पलंग दाखवेल. तुम्ही सरळ रॅम्पपाशी जा. रॅम्प पाडा आणि त्याच्या बिजागरीच्या पट्टीलगत, जमीन जिथे संपते तिथे, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबत आडवे चला. चांगला प्लायवूड टणक लागतो. कुजलेल्यात टोक शिरतं आणि तपकिरी चुरा वर येतो. इथे पाणी येतं ते बहुतेकदा रबरी सीलमधून. वाळूत जाणाऱ्या ट्रेलरचं सील कधीच नीट बसत नाही, कारण बिजागरीत आणि सीलच्या घडीत वाळू अडकून राहते. रॅम्पच्या आतला प्लायवूडही असाच जातो, आणि त्याच्यावरून दीड हजार पाउंडांची गाडी चढणार आहे. कोपऱ्यांमधल्या भिंतीवर बाहेरून तळहात फिरवा. फायबरग्लास फुगलेला, लाटा आलेला दिसला तर आत पाणी मुरून थर सुटलेत, आणि ते काम घरी नीट होत नाही. तिथून निघून या, कितीही स्वस्त असो.

छतावर चढता आलं तर चढा, शिडी बरोबर न्या. रबरी छत सहसा टिकतं. गळतं ते व्हेंट, एसी, अँटेना यांच्या कडांवरचं सीलंट. आमच्याकडच्या उन्हात ते वाळून भेगाळतं, म्हणून दर तीन महिन्यांनी वर जाऊन बघायचं आणि जिथे तडा दिसेल तिथे जुनं सैल झालेलं खरवडून छताच्या जातीला चालणारं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट घालायचं. साधं सिलिकोन अजिबात नको. त्यावर पुढे काहीच चिकटत नाही.

घरी दुरुस्ती का जमते? अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि कंपनी कुठलीही असली तरी आतले भाग त्याच चार-पाच पुरवठादारांचे असतात. ॲक्सल डेक्स्टर किंवा लिपर्ट, वॉटर हीटर सबर्बन किंवा ॲटवुड. भाग कुठेही मिळतात, माहितीपत्रकं फुकट मिळतात. उलट वर्कशॉपचा तासाचा दर ऐकून पोटात गोळा येतो. इथल्या एका डीलरकडे माझा ट्रेलर नुसत्या वॉटर पंपासाठी महिनाभर अंगणात उभा होता.

बेअरिंगचं काम शिकून घ्याच. डेक्स्टर १२ महिने किंवा १२,००० मैल सांगतात, जे आधी होईल ते. चाक उचला, हबची टोपी काढा, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट काढा. ड्रम हलकेच पुढे घेतला की बाहेरचं बेअरिंग वॉशरसकट हातात येतं. रॉकेल नाहीतर ब्रेक क्लीनरने धुऊन रोलर उजेडात फिरवून बघा. निळसर झाक दिसली तर ते तापलंय, खड्डे दिसले तर संपलंय. दोन्हीला नवं, बाहेरच्या कड्यासकट. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, वरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. घरच्यांना हा प्रकार किळसवाणा वाटतो, मला आवडतो. नट लावताना ड्रम फिरवत ५० फूट-पाउंडांना कसायचा, मग सैल सोडायचा आणि फक्त बोटांनी लागेल तेवढा घट्ट करून पिन घालायची. टोपीतल्या निपलमधून गनने ग्रीस भरायची सोय बऱ्याच ॲक्सलवर असते; जोरात भरलं की आतलं सील सरकतं आणि ग्रीस ब्रेकवर जातं. इलेक्ट्रिक ब्रेकच्या शूजना ग्रीस लागलं की ते धुऊन भागत नाही, बदलावे लागतात.

ट्रेलरच्या टायरवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर मी ठेवत नाही, कारण मागचा टायर फुटतो तेव्हा चाकावरची जमीन, वायरिंग, पाइप सगळं फाडून जातो. तुमच्या राज्यात ट्रेलर ओढताना ५५ मैलांची मर्यादा आहे, ती टायरच्या पथ्यावरच पडते. वॉटर हीटर सबर्बन असेल तर टाकी स्टीलची, तिच्यातला ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) खाल्ला गेला की नवा घाला (एक पूर्णांक एक-सोळांश इंची सॉकेट लागतो). ॲटवुडची टाकी ॲल्युमिनियमची, तिला रॉड नसतो.

आता मुलांची खोली. कार्पेट असेल तर आधी उखडा. त्यात पेट्रोल मुरतं आणि रात्रभर वास येत राहतो. त्याजागी नाण्यांच्या नक्षीचं रबरी किंवा व्हिनाइल फ्लोअरिंग घाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि त्याच डब्यात प्रोपेनवरचा फ्रिज आणि स्टोव्ह असतो. म्हणून मुक्कामी पोचल्यावर गाडी बाहेर, कॅन बाहेर, रॅम्प उघडून जागा हवेशीर, आणि मगच अंथरुणं. कार्बन मोनॉक्साइड आणि प्रोपेनचे डिटेक्टर पाच ते सात वर्षांत बाद होतात, मागे तारीख छापलेली असते. आठ-दहा वर्षांच्या ट्रेलरमधले डोळे झाकून बदला. मुलांसाठी पक्के बंक ठोकायचा विचार असेल तर नको. वजन मागे जातं आणि गाडी पुढे सरकवायची जागाही. टांगलेले पलंग आहेत तेच ठेवा, त्यांच्या साखळ्यांतली वाळू झटका, एक कोपरा मागे राहत असेल तर साखळीने दात चुकवलाय ते बघा.

जखडायच्या जादा कड्या लावायच्या असतील तर खालच्या पोलादी फ्रेममध्ये बोल्ट गेला पाहिजे. नुसत्या प्लायवूडला स्क्रूने बसवलेली कडी पहिल्या जोरदार ब्रेकला उपटून येते. रॅम्पचा व्हरांडा करणारं किट छान असतं, पण केबलवर आडवा तोललेला रॅम्प आणि जमिनीवर टेकलेला रॅम्प यांची भारक्षमता वेगवेगळी असते. रॅम्पच्या स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नका, त्या ताणलेल्या असतात.

विजेचं थोडक्यात: शिशाच्या दोन बॅटऱ्या मिळून सव्वाशे पाउंड वजनाच्या, तेवढ्याच कामाच्या लिथियमच्या साठच्या आत. पण जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) १३.६ व्होल्टच्या आसपास अडतो आणि लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात, म्हणजे तोही बदलायचा. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली त्या चार्ज करायच्या नाहीत. एसीला सॉफ्ट स्टार्ट (सुरू होतानाचा विजेचा झटका कमी करणारा भाग) लावला की १३,५०० बीटीयूचा एसी २,२०० वॉटच्या छोट्या जनरेटरवरही सुरू होतो. पैसे वसूल होणारा हा एक बदल.

एफ-१५० च्या दारावरचा पेलोड आणि ट्रेलरच्या पिवळ्या स्टिकरवरचे आकडे इथे कॉमेंटमध्ये टाका. ॲक्सलपासून गोळ्यापर्यंतचं अंतरही टेपने मोजून लिहा, म्हणजे साइड-बाय-साइड कुठे उभी करावी लागेल ते काढून देतो.