ब्रीद कोणी कोणाला देत नाही

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्या दवाखान्यात बाकावर बसून होत्या. गावाहून आईचा फोन आला. आई म्हणाली, "घाबरू नको. देवाला त्याच्या ब्रीदाची आठवण दे." रात्रपाळीच्या सिस्टर ख्रिस्ती होत्या. जाता जाता त्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, देवाची अभिवचनं खोटी होत नाहीत." वडील आता बरे होऊन घरी आलेत, पण हे दोन शब्द काही ताईंच्या डोक्यातून गेलेले नाहीत. ब्रीद म्हणजे वचनच ना? मग शाळेच्या ब्रीदवाक्यातलं ब्रीद कुठलं? 'अभिवचन' आमच्या घरी का ऐकू येत नाही? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "खरं सांगायचं तर त्या रात्री माझ्यात विश्वास नव्हता, नुसती भीती होती. तरी मी आईचं ऐकून देवाला आठवण दिली. ते चाललं का?"

शेवटची ओळ वाचून मी थोडा वेळ थांबलो. ती शब्दार्थाच्या बाहेरची वाटते, पण तिचंही उत्तर 'ब्रीद' या शब्दातच आहे असं मला वाटतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

'ब्रीद' हे 'बिरुद'चं मराठी रूप. ऐकायला ते 'व्रत'च्या जवळचं वाटतं, पण घराणं वेगळं. बिरुद म्हणजे राजाची किंवा वीराची पदवी, त्याच्या पराक्रमाची खूण. भाट अशी बिरुदं ओळीने म्हणत, ती बिरुदावली. मराठीत या शब्दाला फार देखणी गोष्ट येऊन चिकटली. ब्रीद नुसतं तोंडाने म्हणायचं राहिलं नाही, ते अंगावर वागवायचं झालं. वीर पायात तोडर, म्हणजे वाजणारा दागिना, घालत, तो ब्रीदाचा तोडर. चालताना तो वाजणार आणि ऐकणाऱ्याला कळणार की या माणसाने अमुक एक गोष्ट जाहीर केलेली आहे, आता बघू कोण आडवा येतो. शाळेच्या, संस्थेच्या ब्रीदवाक्यातलं ब्रीद हेच. एसटीचं 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' किंवा पोलिसांचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' ही अशीच जाहीर केलेली ओळख. आयुर्विमा महामंडळाने तर गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे देवाचंच वाक्य घेतलं. जे मिळालेलं नाही ते मिळवून देणं हा योग आणि जे आहे ते राखणं हे क्षेम, असा त्याचा परंपरेतला अर्थ. विम्याच्या कागदावर ते शोभून दिसतं, पण मुळात ते भक्ताला उद्देशून आहे.

आता वचन आणि ब्रीद यांतला फरक. तो अर्थापेक्षा व्याकरणात लवकर सापडतो. दोन्ही शब्दांबरोबर कोणती क्रियापदं येतात ते पाहा. वचन देतात, घेतात, पाळतात, मोडतात. ब्रीद बाळगतात, मिरवतात, राखतात, खरं करतात, सोडतात. 'ब्रीद दिलं' असं मी मराठीत कुठे ऐकलेलं नाही. वचन दिलं म्हटलं की लगेच 'कोणाला?' हा प्रश्न उभा राहतो. दशरथाने कैकेयीला दिलं. तो 'ला' वाक्यात असावाच लागतो. ब्रीदाच्या वाक्यात तो 'ला' लागतच नाही. 'शरण आलेल्याला टाकत नाही हे त्याचं ब्रीद आहे.' इथे ब्रीद ज्याचं त्याच्यापाशीच आहे. घेणारा कोण, त्याची लायकी काय, हा विषयच निघत नाही.

भीतीच्या वेळी याने किती फरक पडतो पाहा. पोटात गोळा आलेला असतो, मनात पाल चुकचुकत असते, आणि पहिली शंका येते ती हीच: देवाने वचन दिलं असेल, पण ते मला दिलंय का? मी कोण? माझं काय पुण्य? मी कुठे रोज देवळात जातो? वचनाच्या बाबतीत या शंकेला जागा आहे, कारण वचनात दुसरी बाजू असते. ब्रीदात ही शंका आत शिरायला फटच नाही. मी कसाही असेन, त्याने पायात तोडर घातलेला आहे.

वाल्मीकी रामायणात हा फरक एका ओळीत दिसतो. बिभीषण समुद्र ओलांडून शरण येतो तेव्हा सुग्रीवाला संशय येतो, की हा शत्रूचा भाऊ, हेर असेल. राम म्हणतो, 'अभयं सर्वभूतेभ्यो ददाम्येतद् व्रतं मम.' सर्व प्राण्यांना मी अभय देतो, हे माझं व्रत आहे. द्यायची वस्तू अभय, ती सर्वांना. व्रत मात्र 'मम'. शब्द व्रत आहे, ब्रीद नाही, पण मराठीत ब्रीदाचं जे काम, तेच या 'मम'ने केलंय. बिभीषण खरा की खोटा याचा निकाल लागायची रामाला वाट पाहावी लागत नाही.

मनाच्या श्लोकांत समर्थ रामदासांनी हीच भीती समोर धरली आहे. 'भवाच्या भये काय भीतोस लंडी, धरी रे मना धीर धाकासि सांडी.' लंडी म्हणजे भित्रा. आणि थोडं पुढे येतं, 'पदीं राघवाचे सदा ब्रीद गाजे.' ही ओळ मी लहानपणी शेकडो वेळा म्हटली असेल. पावसाळ्यात तिन्हीसांजेला वीज गेलेली असायची. कंदिलाची काच पुसून आजी तो मध्ये ठेवायची आणि मांडीवर बोटांनी ठेका धरून आमच्याकडून श्लोक म्हणून घ्यायची. 'पदीं' का, हे तेव्हा कधी मनात आलं नाही. ब्रीद पायाशी कसं गाजेल? तोडराचं कळलं तेव्हा ही ओळ मला ऐकू आली. राम चालतोय आणि त्याच्या पायातलं ब्रीद वाजतंय. 'गाजणे'चे दोन्ही अर्थ तिथे जिवंत आहेत, नाद होणे आणि कीर्ती होणे. अंधारात बसलेल्या माणसाला चालणारा दिसत नाही, पण पायातलं वाजलेलं ऐकू येतं.

इथल्या अनेक श्लोकांच्या शेवटी येणारी ओळही तपासण्यासारखी आहे: 'नुपेक्षी कदा रामदासाभिमानी.' नुपेक्षी म्हणजे न उपेक्षी, उपेक्षा करत नाही, वाऱ्यावर सोडत नाही. पुढचा शब्द जोडून छापला तर मुलं 'रामदासांचा अभिमानी' असं समजतात. मीही तेच समजत होतो. तो 'राम दासाभिमानी' असा सोडवायचा: दासाचा अभिमान धरणारा राम. गोंधळ होण्याला चालही कारणीभूत आहे. भुजंगप्रयात वृत्तात तीन-तीन अक्षरांचे गण पडतात, 'नुपेक्षी | कदारा | मदासा | भिमानी', आणि ठेक्यात म्हणताना 'राम' मधोमध तुटतो.

'अभिमान' आज आपण गर्व किंवा गौरव या अर्थाने वापरतो. इथला अर्थ जुना आहे: हा माझा, असं मानून त्याची बाजू घेणं. आई लेकराचा घेते तो अभिमान. चारचौघांत लेकराला कोणी बोललं की तिच्या अंगावर काटा येतो, कारण बोल तिला लागलेला असतो.

हा अर्थ हाताशी घेऊन संत नामदेवांकडे या. त्यांचा एक अभंग भक्तीचा म्हणून गायला जातो, पण शब्द सरळ भांडणाचे आहेत. 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा.' तुझी कीर्ती ऐकून दाराशी आलो, तू तसा नाहीस, चाललो परत. आणि मग: 'सोडी ब्रीद देवा आता नव्हसी अभिमानी.' ब्रीद आणि अभिमानी, तेच दोन शब्द, पण उलटे फिरवलेले. रामदास म्हणतात ब्रीद गाजतंय, राम अभिमानी आहे. नामदेव म्हणतात, काढ ते ब्रीद पायातलं, तू कसला अभिमानी! हातात झेंगट घेऊन तिन्ही लोकांत दवंडी पिटीन, इथपर्यंत ते जातात. (झेंगट म्हणजे तिथे बडवून वाजवायचं वाद्य. आजचा लचांडाचा अर्थ त्या ओळीत आणू नये.)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी मला हाच अभंग हवा होता. यात संशय आहे, राग आहे, परत फिरायची भाषा आहे. पण भांडण कशाच्या आधारावर चाललंय? ब्रीदाच्याच. ज्याने ब्रीद बांधलंच नाही त्याला 'ब्रीद सोड' असं कोण म्हणेल? नामदेवांचा संशय देवाच्या दारात उभा राहून बोलतोय आणि ज्यावर संशय घ्यायचा तेच मध्ये धरून बोलतोय. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वाराशी आजही पहिली पायरी नामदेवांच्या नावाची आहे. 'जातो माघारा' म्हणणारा तिथून हललेला नाही. तुमच्या आईने 'विश्वास ठेव' असं म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 'आठवण दे' म्हणाल्या. आठवण द्यायला मनात खात्री असावी लागत नाही. भीतीने थरथरत्या तोंडानेही ती देता येते.

आता सिस्टरांच्या 'अभिवचना'कडे. मराठी ख्रिस्ती बोलीत 'वचन' हा शब्द आधीच एका कामाला लागलेला आहे: शास्त्रातला उतारा, देवाचं सांगणं. 'आजचं वचन' म्हणजे आज वाचायचा भाग. मग देवाने भक्ताला दिलेल्या शब्दासाठी वेगळा, भारदस्त शब्द हवा होता, आणि तिथे 'अभिवचन' रुळला. 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून बायबलचा मराठी नवा करार निघाला, तेव्हापासून अनेक हातांनी ही भाषा घडवली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं साध्या मराठीतल्या बायबलसाठी वेचली. 1922 मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर 1924 मध्ये छापून आलं. इतर मराठी घरांत 'अभिवचन' सहसा कानावर पडत नाही त्याचं कारण एवढंच: तिथे वचन, ब्रीद, अभय, वर हे शब्द आधीपासून नांदत होते, उणीव नव्हती.

शब्द मात्र छान आहे. 'अभि' म्हणजे कडे, समोर: अभिमुख, अभिवादन. अभिवचन म्हणजे तुमच्याकडे तोंड करून उच्चारलेलं वचन. म्हणजे ब्रीदाच्या नेमकं दुसऱ्या टोकाला. ब्रीद म्हणतं, तू कोण हे विचारायची गरज नाही. अभिवचन म्हणतं, मी तुलाच सांगतोय. घाबरलेल्या माणसाला कधी हे लागतं, कधी ते. त्या रात्री तुम्हाला दोन्ही मिळाले. आणि संशयाचं म्हणाल तर तिकडेही, बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, आजारी मुलाचा बाप येशूपुढे ओरडून सांगतो, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका श्वासात.

श्वासावरून आठवलं. 'विश्वास' आणि 'आश्वासन' हे दोन्ही शब्द 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे या धातूचे. विश्वास म्हणजे मुळात मोकळा श्वास, निर्धास्तपणा. आश्वासन म्हणजे दुसऱ्याला श्वास घेता येईल असं करणं. निवडणुकांनी 'आश्वासन' इतकं झिजवलं की आता त्याने कोणाचाच जीव भांड्यात पडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. 'विश्वासा'ची क्रियापदं मात्र अजून ताजी आहेत. विश्वास ठेवतात, टाकतात, धरतात; पण तो बसतो आणि उडतो, तेव्हा आपल्या हातात काही नसतं. फांदीवरच्या पाखरासारखाच तो. त्या रात्री तुमचा विश्वास उडाला होता, एवढंच झालं. फांदी कापली गेली असं त्यातून होत नाही.

अजून एक वाक्य घेतो, कारण दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या रिक्षांच्या मागच्या काचेवर ते तुम्ही नक्की वाचलं असेल. 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.' अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचं म्हणून ते महाराष्ट्रभर फिरतं. यात 'पाठीशी' वर बोट ठेवा. मराठीत धीर देणारा बहुतेक वेळा मागे असतो: पाठबळ, पाठिंबा, पाठराखा. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण. जो पाठीशी आहे तो दिसत नाही. दिसतं ते पुढचं: ऑपरेशनचं दार, लाल दिवा, सह्या करायचे कागद. डोळ्यांसमोर नुसती भीती असणं आणि पाठीशी कोणी असणं, या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या शब्दातच आहे.

म्हणून लिहिताना असं करा. देवाने तुम्हाला उद्देशून दिलेला शब्द सांगायचा असेल तर वचन किंवा अभिवचन लिहा आणि क्रियापद 'देणे' घ्या. देवाने स्वतःवर बांधून घेतलेलं सांगायचं असेल तर ब्रीद, आणि त्याला राखणे, सांभाळणे, खरं करणे. 'देवाने मला ब्रीद दिलं' असं लिहू नका, कानाला खटकेल. 'ब्रीदाला जागणे' हेही चांगलं मराठी आहे. तुमच्या आईंच्या तोंडी यातलं कोणतं आहे ते एकदा विचारून कळवा. आणि त्याच्या पुढचं वाक्य त्या काय म्हणतात, तेही. माझी आजी 'तो ब्रीद सांभाळील' म्हणायची आणि कंदिलाची वात थोडी वर करायची.