इंजिनिअरिंग होऊन वर्ष होत आलं, नोकरी नाही, सहा लाखांच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता दोन महिन्यांत सुरू होतोय. 'जॉब गॅरंटी' क्लाससाठी आणखी कर्ज काढू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: घर कळव्याला, 2025 मध्ये नवी मुंबईतल्या खाजगी कॉलेजातून एक्स्टीसीत (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) बी.ई., सरकारी बँकेचं दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाखांचं कर्ज, वडील सहकर्जदार. वाशीचा एक क्लास 1 लाख 20 हजार मागतोय, बारा महिन्यांच्या हप्त्यांत. आणि शेवटी विचारलंय, की चार वर्षं आणि एवढा पैसा पाण्यात गेला का.

आधी तातडीचं सांगतो. क्लासच्या कागदावर सही करू नका, आणि पहिला हप्ता पडायची वाट न बघता याच आठवड्यात बँकेत लेखी अर्ज द्या. हप्ता चुकण्याआधी आलेल्या कर्जदाराला बँकेत जेवढी वाट मिळते, तेवढी चुकल्यानंतर आलेल्याला मिळत नाही.

कर्ज सहा लाखांचं असलं तरी हप्ता सहा लाखांवर बसत नाही. शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या वर्षात साधं व्याज साचत असतं. हिशेबासाठी दर 10 टक्के धरू. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज 75 हजार, दुसऱ्यावर 60, तिसऱ्यावर 45, चौथ्यावर 30. एकूण 2 लाख 10 हजार. ही रक्कम हप्ता सुरू होताना मुद्दलात मिसळते, म्हणजे हप्ता 8 लाख 10 हजारांवर लागतो. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना सुमारे 10,700 आणि पंधरा वर्षांची घेतली तर सुमारे 8,700. पंधरा वर्षांत एकूण व्याज जवळपास पावणेतीन लाखांनी जास्त जातं हे खरं. तरीही आत्ता पंधराच मागा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या शैक्षणिक कर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड नसतो, त्यामुळे पगार वाढला की जादा भरून मुदत तुम्ही स्वतःच कमी करू शकता. उलटं, म्हणजे दहाची पंधरा करून घेणं, नंतर जड जातं.

बँकेत जाताना सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आणि कर्जखात्याचं पूर्ण स्टेटमेंट हातात हवं. सँक्शन लेटरमध्ये मोरेटोरियमचा, म्हणजे हप्ता न भरण्याच्या सवलतीच्या काळाचा, परिच्छेद शोधा. 'कोर्स संपल्यावर एक वर्ष' असं आहे, की जुन्या पद्धतीचं 'एक वर्ष किंवा नोकरीनंतर सहा महिने, जे आधी होईल ते', हे बघा. कोर्स संपल्याची तारीख बँकेच्या सिस्टिममध्ये मंजुरीच्या वेळीच टाकलेली असते. निकाल कधी लागला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून बरेच जण निकालापासून वर्ष मोजत बसतात आणि पहिला हप्ता आधीच थकलेला निघतो. तुमचे 'दोन महिने' नेमके कुठून मोजलेत ते आजच तपासा.

स्टेटमेंटवर व्याजदराची ओळही वाचा. 2025 च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 6.50 वरून 5.50 वर आला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर दर निदान तेवढा उतरलेला दिसायला हवा. एमसीएलआरशी (बँकेच्या स्वतःच्या आधारदराशी) जोडलेलं असेल, तर रेपोवर आणायला किती खर्च येतो ते विचारा.

अजून एक गोष्ट, जी पुष्कळ घरांत कुणी विचारतच नाही. मंजुरीच्या वेळी आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होतं आणि कॉलेजला किंवा तुमच्या शाखेला नॅक अथवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता होती, तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत मोरेटोरियमभरचं सगळं व्याज सरकार भरतं. वरचे 2 लाख 10 हजार ते हेच. पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत गेला असेल आणि बँकेने दरवर्षी दावा टाकला असेल, तरच ते खात्यात जमा होतं. स्टेटमेंटमध्ये सबसिडीची नोंद दिसत नसेल तर शाखेला लेखी विचारा: माझा दावा कोणत्या वर्षी पाठवला, नसेल तर का नाही. तोंडी विचारलं तर 'बघतो' एवढंच ऐकायला मिळेल.

आता मुख्य अर्ज. बँकांच्या संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या, आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळात एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, आणि कर्जाच्या पूर्ण मुदतीत दोन-तीनदा, हप्ता पुढे ढकलायची तरतूद आहे. सुरुवातीला लहान आणि पुढे चढत जाणाऱ्या हप्त्याचीही आहे. ती देणं बँकेच्या हातात असतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. अर्ज अर्ध्या पानाचा पुरे: 'माझा कोर्स अमुक महिन्यात पूर्ण झाला. अद्याप नोकरी नाही. आयबीए योजनेतील बेरोजगारीच्या तरतुदीनुसार सहा महिन्यांचा वाढीव मोरेटोरियम द्यावा, परतफेडीची मुदत पंधरा वर्षं करावी, आणि सुधारित हप्त्यांचं वेळापत्रक लेखी द्यावं.' खाली तुमची आणि वडिलांची, दोघांची सही. सोबत गुणपत्रिका, नोकरीसाठी केलेल्या अर्जांच्या ईमेलच्या दोन-चार प्रती, वडिलांच्या पगाराची स्लिप. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. काही बँकांत फाइल शाखेकडे नसतेच, वेगळ्या रिटेल कर्ज केंद्राकडे असते. तसं असेल तर तिथला ईमेल मागून अर्ज तिकडेही पाठवा.

इथे हमखास गडबड होते ती अशी. शाखेतला अधिकारी चांगला असतो, 'काळजी करू नका' म्हणतो, पण सिस्टिममधलं वेळापत्रक कुणी बदलत नाही. ठरल्या तारखेला मागणी निघते, खात्यात पैसे नसतात, आणि 90 दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे थकबाकीदार, होतं. तोवर अधिकाऱ्याची बदलीही झालेली असते. म्हणून सुधारित वेळापत्रकाचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ही सवलत सिबिलला (कर्जदारांचा इतिहास ठेवणारी संस्था) 'रिस्ट्रक्चर', म्हणजे अटी बदललेलं कर्ज, म्हणून कळवली जाणार का, हेही लेखी विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, फक्त पोच असलेली प्रत लागते.

थांबण्याचा खर्चही समजून घ्या. व्याज मुद्दलात मिसळण्याआधी सहा महिने वाढवून मिळाले तर साधारण 30 हजार वाढतात. मिसळल्यानंतर थांबवलं तर 40 हजारांच्या वर. याही कारणाने अर्ज आत्ताच जायला हवा. मधल्या काळात ट्यूशनमधून वगैरे महिना दीड-दोन हजार मिळत असतील तर कर्जखात्यात टाकत राहा. वडिलांचा पीएफ किंवा आईचे दागिने मात्र यात घालू नका. पंधरा वर्षं फेडता येणाऱ्या कर्जासाठी घराचा शेवटचा आधार मोडणं मला चुकीचं वाटतं.

क्लासकडे येऊ. 'बारा सोपे हप्ते' म्हणजे बहुतेक वेळा क्लासची उधारी नसते. एखाद्या वित्त कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं ते वैयक्तिक कर्ज असतं. पैसे क्लासला एकरकमी मिळतात. क्लास बंद पडला, तुम्ही सोडला, शिकवलं नाही, काही झालं तरी हप्ता चालूच राहतो. मोबाइलवर ओटीपी मागून पाच मिनिटांत हे उरकतात, म्हणून ओटीपी देण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, खरा वार्षिक दर आणि कूलिंग-ऑफची मुदत लिहिलेली असते. सही होऊन गेलीच असेल तर त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार परत करून बाहेर पडता येतं. करारात 'प्लेसमेंट असिस्टन्स' असेल तर तो नोकरीचा शब्द नाही, मुलाखतींना पाठवण्याचा आहे. आणि 'गॅरंटी'खालच्या अटी वाचा: 90 टक्के हजेरी, सगळ्या चाचण्या पास, मिळेल ती पहिली ऑफर नाकारायची नाही, भारतात कुठेही जायची तयारी. एक अट चुकली की फीपरताव्याचा हक्क संपला.

गणितही मांडून बघा. तीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पंचवीस हजार नव्हेत. बेसिक 12,500 धरलं, तर त्या पंचवीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,500, ग्रॅच्युइटी सुमारे 600, तुमच्या वाट्याचा पीएफ 1,500 आणि व्यवसाय कर 200 (महिलांना 25 हजारांपर्यंत तो नाही) वजा जातात. हातात 21,200 च्या आसपास. व्हेरिएबल पे असेल तर आणखी कमी. त्यातून 8,700 बँकेचे आणि 10,000 क्लासचे गेले की उरले अडीच हजार. कळव्याहून रोज जाणं-येणं, डबा, मोबाइल यात बसवून दाखवा.

तुमच्या शाखेचं काम तुमच्या दारात आहे, हे मी धीर द्यायला म्हणत नाही. ठाणे-बेलापूर रोडच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटर उभी आहेत. शिवाय पॅनेल बनवणारे, पीएलसीची (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरची) कामं घेणारे, सीसीटीव्ही-फायर अलार्म-ॲक्सेस कंट्रोलचे ठेकेदार, कॅलिब्रेशन लॅब. वागळे इस्टेटमध्येही असे छोटे कारखाने पुष्कळ. डेटा सेंटरच्या मालक कंपनीच्या साइटवर अर्ज करून मुलं थकतात, कारण तिथला शिफ्टचा बराच स्टाफ देखभालीच्या ठेकेदाराच्या पे-रोलवर असतो. लिंक्डइनवर त्या इमारतीत सध्या काम करणाऱ्यांच्या नावापुढे कुठली कंपनी आहे ते बघा, आणि अर्ज तिकडे करा. शिफ्ट फिरती असते, रात्रीचीही. बायोडेटाच्या पहिल्या तीन ओळींत लिहा: राहणार कळवा, रबाळे ते तळोजा कुठेही, रात्रपाळी चालेल. बायोडेटा चाळणारा हेच आधी शोधत असतो.

अशा मुलाखतीत पदवीचा अभ्यासक्रम फारसा विचारत नाहीत. विचारतात ते असं: ऑनलाइन आणि ऑफलाइन यूपीएसमध्ये फरक काय, एन प्लस वन म्हणजे काय, स्लॅश 26 च्या सबनेटमध्ये किती होस्ट बसतात (62), आरएस-485 च्या लाइनवर मॉडबस मीटर दिसत नसेल तर काय तपासाल. शेवटच्याला अपेक्षित उत्तर साधारण असं: ए-बी वायर उलट नाहीत ना, बॉड रेट आणि स्लेव्ह ॲड्रेस जुळतात का, एकच ॲड्रेस दोन मीटरना दिलेला नाही ना, दोन्ही टोकांना 120 ओहमचं टर्मिनेशन आहे का. हे शिकायला सव्वा लाख लागत नाहीत. नेटवर्किंगच्या सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, पीएलसीसाठी कोडेसिस फुकट आहे, एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स फुकट असून परीक्षेची फी हजार रुपये. रोज चार तास धरले तर दोन-अडीच महिन्यांत मुलाखतीला उभं राहण्याइतकं येतं. क्लासला जायचंच असेल तर रोख परवडेल एवढ्या फीचा, हार्डवेअर हाताळायला देणारा निवडा.

सोबत एनएटीएस पोर्टलवर नोंदणी करा. ही पदवीधरांची एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप. 2019 च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 ठरवलं होतं. बऱ्याच कंपन्या जास्त देतात. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं, पण प्रमाणपत्र आणि खरा अनुभव हातात येतो. पदवी जुनी झाली की पात्रता जाते, त्यामुळे हे लांबवू नका. राज्याच्या महास्वयम पोर्टलवरही नाव घाला. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली तेव्हा पदवीधराला महिना 10,000 ठरले होते.

तीन गोष्टींपासून लांब राहा. नोकरीआधी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिटचे पैसे मागणारा कुणीही असो, पैसे द्यायचे नाहीत. दिले गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. दुसरं, दोन वर्षांचा बनावट अनुभव 'बसवून देणारे' कन्सल्टंट. कंपन्या पीएफची सर्व्हिस हिस्ट्री तपासतात. खोटं पकडलं गेलं की नोकरी जातेच, आणि पुढच्या पडताळणीतही ते आडवं येतं. तिसरं, मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा बॉण्ड. मूळ कागद कधीच देऊ नका. 'बॉण्डला कोर्टात किंमत नाही' असं सर्रास सांगतात, तेही खरं नाही: 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी न केल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा.

सरकारी परीक्षांचा विचार असेल तर लक्षात ठेवा, बँक भरतीच्या जाहिरातींत क्रेडिट इतिहास स्वच्छ असण्याची अट असते. शैक्षणिक कर्ज थकवून बँकेच्या परीक्षेची तयारी करणं म्हणजे स्वतःच स्वतःचा रस्ता अडवणं. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तुमचा आणि वडिलांचा, दोघांचा काढा.

पैसा पाण्यात गेला का? कॉलेजने माहितीपत्रकात एका मुलाचं पॅकेज मोठ्या अक्षरांत छापलं आणि उरलेल्या वर्गाबद्दल काहीच सांगितलं नाही, याचा राग रास्त आहे. फी परत मिळणार नाही. पण वर लिहिलेल्या जवळपास प्रत्येक कामाला, ॲप्रेंटिसशिपपासून ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेपर्यंत, तीच पदवी किंवा पदविका लागते. आणि प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत रक्कम परत मिळते, ती पावती शोधून कॉलेजात अर्ज द्या; हजारो मुलं ती तशीच सोडून देतात.

सँक्शन लेटरमधला मोरेटोरियमचा परिच्छेद, खाते क्रमांक आणि नावं झाकून, इथे प्रतिक्रियेत टाकलात तर अर्जात नेमकी कोणती ओळ घालायची ते सांगतो.