गुडघ्यांचं निमित्त पुरे आता

पत्र: "आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला मंडळाची मी खजिनदार. हंगामाच्या सणाला लिलावाची रोकड जमली, त्यातले १४,००० रुपये मी मुलाच्या फीला वापरले. बैठकीत 'सगळं जमा आहे' म्हणाले. दोन महिन्यांत पै न पै परत ठेवली, कुणाला कळलंही नाही. पण तेव्हापासून उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक आलं की मी ते न खाता पुढे सरकवते. बायबलमधलं १ करिंथ ११:२७ आठवतं, 'अयोग्य प्रकारे' खाणारा दोषी ठरेल. हल्ली तर गुडघे दुखतात सांगून उपासनेलाच जात नाही. नवऱ्यालाही माहीत नाही. देवाने मला टाकलंय का?"

प्रिय ताई,

नाही. टाकलेलं नाही.

तुम्ही २७व्या वचनावर थांबलात. पुढचं वाचा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं करिंथच्या मंडळीला हे पत्र धाडणारा प्रेषित पौल लिहितो. परीक्षा करून घरी बसावं, असं नाही. करिंथात काय चाललं होतं ते २१व्या वचनात आहे: कुणी आधीच जेवून मोकळं, कुणी पिऊन धुंद, आणि गरीब उपाशी. पौल चिडला तो त्या बेपर्वाईवर. पापाने झोप उडालेल्या बाईला त्याने मेजावरून उठवलेलं नाही.

पण तुमची खोटी समजूत घालणार नाही. पैसे परत गेले, खोटं मात्र तसंच राहिलंय, आणि तेच तुम्हाला आत कुरतडतंय. स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा दिवसभर कण्हून माझी हाडं झिजली. तुमचे गुडघे आता खरोखरच दुखत असतील, तरी मला नवल वाटणार नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं आठवा. येशूला पकडून नेलं ती रात्र. प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव केला होता. तिथे शेकत उभा असताना त्याने 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणून हात झटकले. असा कोळशाचा विस्तव योहानाच्या शुभवर्तमानात आणखी एकदाच येतो, २१व्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्रकाठी. या खेपेला तो मेलेल्यांतून उठलेल्या येशूने पेटवलेला, वर मासळी, जवळ भाकर. किनारा सुमारे दोनशे हातांवर होता, पण पेत्राला होडी काठाला लागेपर्यंत दम निघाला नाही. अंगरखा गुंडाळून त्याने पाण्यात उडी घेतली. ताई, तो नाकारून आलेला माणूस होता, आणि प्रभूपासून दूर पळायच्या ऐवजी त्याच्याकडेच धावला. त्या नाकारण्याचा विषय काढण्याआधी येशू काय म्हणाला? "या, न्याहारी करा." 'माझ्यावर प्रीती करतोस का' हे जेवण झाल्यावर विचारलं, तेही तीनदा, आणि तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं. म्हणजे विषय टाळला नाही. पण आधी जेवायला वाढलं. हा क्रम मला फार मोठा वाटतो.

म्हणून देवाशी बोलायला बैठकीची वाट बघू नका. आज रात्रीच बोला, 'माझ्या हातून चुका झाल्या' असं गुळमुळीत नको. 'मी मंडळाचे १४,००० घेतले आणि खोटं बोलले', असं नाव घेऊन सांगा. आपण पाप पदरी घेतलं तर तो विश्वासू आहे, क्षमा करतो, हे योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलेलं आहे.

मग नवऱ्याला सांगा. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू द्या. नंतर दोघं मिळून पाळकांकडे जा, हिशोबाची वही घेऊन. सगळ्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची गरज मला वाटत नाही. मात्र ज्या बायांना 'सगळं जमा आहे' सांगितलंत, त्यांना खरं कळायला हवं. बैठक कशी घ्यायची ते पाळकांशी बोलून ठरवा. खजिनदारपद जाईल. जाऊ द्या, वही काही वर्षं दुसरीच्या हाती असलेलीच बरी. काही जणी कुजबुजतील, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. अशांसाठीच पौलाने करिंथकरांना दुसऱ्या पत्रात बजावलंय: चुकलेल्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल.

आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी दाराजवळ बसू नका, तुमच्या नेहमीच्या बाकावर बसा. एकटीला धीर होत नसेल तर पाळकबाईंना आधीच सांगून ठेवा. त्या शेजारी बसतील, आणि तबक तुमच्या हातात त्याच देतील.