वाचकांचे प्रश्न : आरशांच्या महालात संसार कोण करीत असे?

प्रश्न : आमच्या भागातील जुन्या वाड्यांत देवडी, ढाळज, चौक अशी रचना असते आणि नक्षी असलीच तर ती खांब-तुळयांवर. इराणमधील शिराझच्या ‘नारंजिस्तान-ए-कवाम’ या सरदारी घराच्या छायाचित्रांत मात्र छतापर्यंत आरसेच आरसे दिसतात. एवढ्या झगमगाटात घरची माणसे राहत कशी असतील? तसे काही मराठवाड्यात पाहायला मिळेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : त्या आरशांखाली संसार होतच नव्हता. 1879 ते 1886 या काळात बांधलेली ही वास्तू म्हणजे कवाम घराण्याची ‘बिरूनी’, अर्थात पाहुणे, अर्जदार आणि अधिकारी यांच्यासाठीची बाहेरची बाजू होती. बायकामुलांचा वावर असलेली ‘अंदरूनी’ शेजारच्या ‘झीनत-उल-मुल्क’ या घरात होती आणि दोन्ही घरे भुयारी वाटेने जोडलेली होती. आपल्याकडे ढाळजेत बसलेल्या पाहुण्याला माजघर दिसत नाही. तिथे हीच मर्यादा दोन स्वतंत्र इमारती उभारून पाळलेली आहे.

सजावट कोठे आहे, हे म्हणूनच नीट पाहावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिराझ काजारांच्या, म्हणजे इराणच्या नव्या राजघराण्याच्या, हाती देणारा हाजी इब्राहिम कलांतर याच घराण्यातला. पुढे वझिरी मिळूनही 1801 मध्ये शहाच्याच हुकुमाने त्याचा शेवट झाला. त्यातून सावरलेल्या आणि 1860 च्या दशकापासून ‘खमसे’ या पाच टोळ्यांच्या संघाचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या घराण्याला आपला रुबाब दाखवणे भागच होते. दर्शनी बाजूच्या पायथ्याशी पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या धर्तीवर कोरलेली शिल्पे आहेत, तर आतील लाकडी छतांवर युरोपीय वळणाची चित्रे आहेत. जोत्यावर प्राचीन इराणचे वैभव आणि डोक्यावर विलायतेची हौस, हा मेळ सर्वांनाच रुचेल असे नाही. मला स्वतःला त्या छतांपेक्षा खालचा दगड अधिक भारदस्त वाटतो.

आरसेकामाची करामत मात्र निर्विवाद आहे. आरशाचे लहान लहान तुकडे कापून ते भौमितिक आकृत्यांत गिलाव्यावर बसवतात आणि त्यांचे कोन किंचित बदलत नेतात. त्यामुळे समोर उभ्या माणसाला स्वतःचा चेहरा अखंड दिसत नाही, पण बागेकडून आलेला उजेड शेकडो ठिकाणी फुटून छतभर पसरतो. बाहेरून आणवलेले मोठे आरसे वाटेत फुटत आणि त्या तुकड्यांच्या उपयोगातून ही कला वाढली, असे सांगितले जाते. खोल्यांच्या लाकडी जाळीदार खिडक्यांत रंगीत काचा असतात आणि त्यांची झडप वर सरकते, म्हणजे ऊन रंगून, सौम्य होऊन आत येते आणि हवी तेव्हा हवाही घेता येते.

मराठवाड्यापुरते बोलायचे, तर या तोडीच्या आरसेकामाचा आग्रह न धरता छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहावा. ज्या औरंगजेबाच्या बेगमेची ही कबर, ती दिलरस बानू इराणच्या सफवी राजवंशातील शाहनवाज खानाची मुलगी, त्यामुळे इराणशी असलेला धागा तिच्या माहेरापर्यंत पोहोचतो. मकबऱ्यात आरसे नाहीत. चुन्याच्या गिलाव्यातील बारीक नक्षी आहे. मात्र दरवाजातून आत शिरताच इमारतीकडे सरळ जाणारा पाण्याचा पाट आणि दोन्ही अंगांना आखलेली बाग, ही मांडणी नारंजिस्तानच्या नारिंगांच्या बागेतही आढळते.