दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनचा किल्ला नकली आहे का? तुलूझहून एक दिवस काढून जावं का?

जरूर जा. तुम्ही विचारलंय की सगळे त्याला पर्यटकांसाठी उभारलेला देखावा म्हणतात, ते कितपत खरं? मी तुलूझला शिकत असताना गेलो होतो. वर्गातल्या फ्रेंच पोरांनीही नाकं मुरडली होती.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 1659च्या पिरेनीजच्या तहाने स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि या किल्ल्याचं कामच संपलं. लोक तटाचे दगड काढून नेऊ लागले, तटाला टेकून घरं उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात सरकार तो पाडायलाच निघालं होतं. आरडाओरडा झाला, मग 1853 पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने डागडुजी हाती घेतली. बुरुजांवरची टोकदार, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं त्याची. या भागात पूर्वापार लाल कौलं, त्यामुळे तेव्हापासून आजतागायत त्याला शिव्या बसतात. मला विचाराल तर छपरांवरून अख्ख्या किल्ल्याला नकली म्हणणं हा अन्याय आहे. तट बऱ्याच अंशी जुनाच आहे. उत्तरेच्या बाजूला दगडांमध्ये विटांचे आडवे पट्टे दिसले की समजा, ते रोमन काळातलं बांधकाम.

किल्ल्याला एकाबाहेर एक असे दोन तट आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्यात मात्र वेळ काढाच. राजगडची संजीवनी माची पाहिली असेल तर चिलखती तट (तटाबाहेर आणखी एक तट) म्हणजे काय ते सांगायला नको. इथे मधली जागा चांगली ऐसपैस आहे. बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच. बाहेरच्या तटाचे बरेच बुरूज आतल्या बाजूने उघडे आहेत, म्हणजे शत्रूने बुरूज घेतला तरी त्याला आडोसा मिळायचा नाही.

हा बाहेरचा तट 1209च्या वेढ्यात नव्हताच. तेव्हा कॅथार पंथीयांविरुद्धच्या (चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या) धर्मयुद्धाचं सैन्य इथे येऊन थडकलं. ऑगस्टचं ऊन, तटाच्या आतल्या गावात पाणी संपलेलं. इथला तरुण सरदार रेमों-रोजे त्रांकाव्हेल बोलणी करायला बाहेर पडला आणि कैद झाला. काही महिन्यांत किल्ल्यातल्या स्वतःच्याच गढीतल्या कोठडीत मेला. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी हाकलून दिलं. पुढे प्रदेश फ्रान्सच्या राजाकडे गेला आणि बाहेरचा तट त्याने बांधला. म्हणजे आज जी दुहेरी तटबंदी पाहून आपण थक्क होतो, ती जिंकणाऱ्यांची आहे.

तुलूझहून रेल्वेने तासाभराचं अंतर. स्टेशनवरून चालत जा: खालचं गाव, मग जुना पूल, आणि किल्ल्याच्या ओद दरवाजाने वर. नार्बोन दरवाजाकडून शिरलात तर आधी प्लास्टिकच्या तलवारींची दुकानंच लागतात. किल्ल्यातल्या गावात आणि दोन तटांमध्ये फिरायला पैसे लागत नाहीत. गढी आणि तटावरच्या वाटेला तिकीट आहे, पण वय 26च्या आत असेल आणि फ्रान्समधलं दीर्घ मुदतीचं वास्तव्यपत्र जवळ असेल तर ते फुकट. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका.

खायला सगळीकडे कासुले, म्हणजे पांढऱ्या घेवड्यात शिजवलेलं बदक आणि डुकराचं मांस. शाकाहारी असाल तर डबा न्या.